कर्ज २०४७ पर्यंत, विमा २०३४ पर्यंत

गृहकर्जासोबत बँकेतूनच काढलेला विमा नेमका किती वर्षं चालतो, हा प्रश्न मी आजूबाजूच्या अनेकांना विचारला. जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं, "कर्ज फिटेपर्यंत." माझ्या बाबतीत ते उत्तर तेरा वर्षांनी चुकत होतं. ते कसं कळलं, मग काय केलं, किती वेळ आणि किती पैसे गेले, ते क्रमाने लिहितेय. कोणाला तरी उपयोग होईल.

आधी आकडे सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं. मुख्य अर्जदार मी, सहअर्जदार नवरा. मुदत २० वर्षं, व्याज ८ टक्के, तेही रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी) जोडलेलं. (त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून बँकांना नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, गृहकर्जं बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी जोडणं बंधनकारक झालं होतं.) सोबत आयुर्विमा, एकरकमी प्रीमियम जीएसटी धरून ८४ हजार. ही रक्कम खिशातून भरायची नव्हती, ती कर्जातच मिळवली. म्हणजे कर्ज झालं ३० लाख ८४ हजार आणि हप्ता २५,७९६ रुपये. त्यातले सुमारे ७०३ रुपये नुसत्या विम्याच्या प्रीमियमचे. वीस वर्षं तसेच भरले असते, तर ८४ हजारांचे एक लाख अडुसष्ट हजार झाले असते. याशिवाय अपघात, गंभीर आजार आणि नोकरी जाणं यांसाठी 'ईएमआय प्रोटेक्शन' नावाचा आणखी एक विमा होता, तो वेगळ्या कंपनीचा. त्याचे पैसे चेकने दिले होते.

या सगळ्याकडे पुन्हा बघायची वेळ आली मार्च २०२४ मध्ये, बँकेच्या तिमाही स्टेटमेंटमुळे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला एक परिपत्रक काढलं होतं. व्याजदर बदलल्यावर ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे निवडू द्या, आणि दर तिमाहीला किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले ते कळवा, असं त्यात म्हटलं आहे. जुन्या कर्जांनाही ते २०२३ च्या डिसेंबरअखेरपर्यंत लागू करायचं होतं. आलेल्या कागदावर 'उरलेले हप्ते' या रकान्यात २७७ लिहिलं होतं. सव्वाचार वर्षं हप्ते भरून झाल्यावर अजून तेवीस वर्षं! शेवटचा हप्ता २०४७ मध्ये, मी ६२ वर्षांची असताना.

मला आधी छपाईची चूक वाटली. पण हिशेब करून बघितला तर आकडा बरोबर होता. २०२० च्या मार्च ते ऑगस्ट या काळातला मोरेटोरियम (हप्ते न भरण्याची सवलत) आम्ही पूर्ण घेतला होता, त्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात जमा झालं. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५० वर गेला आणि आमचा दर ६.८५ वरून ९.३५ झाला. बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली. मार्च २०२४ ला शिल्लक कर्ज होतं २९ लाख २६ हजार. म्हणजे मूळ ३० लाख ८४ हजारांतले दीड लाखाच्या आसपास फिटले होते. महिन्याच्या हप्त्यातले जेमतेम तीन हजार मुद्दलात जात होते.

त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की निदान विमा तरी आहे. पुढचा प्रश्न लगेच आला: तोही २०४७ पर्यंत ताणला गेलाय का?

फाइलमध्ये मंजुरीपत्र होतं, करार होता, विम्याच्या अर्जाची झेरॉक्स होती. सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स नव्हतं. हा कागद महत्त्वाचा, कारण असा विमा गटविमा असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर असते, बँक 'मास्टर पॉलिसीहोल्डर'. आपण फक्त सदस्य, आणि आपल्या हातातला एकमेव पुरावा म्हणजे हे सर्टिफिकेट. शाखेत गेले. कर्ज विभागातल्या सरांनी स्क्रीनवर बघून सांगितलं, "मॅडम, कर्ज चालू आहे ना, मग इन्शुरन्स चालूच असणार. तारीख आमच्याकडे दिसत नाही, कंपनीला विचारा." विमा कंपनीच्या हेल्पलाइनने आधी सदस्य क्रमांक मागितला, जो त्या हरवलेल्या कागदावरच होता. शेवटी कर्ज खाते क्रमांक आणि जन्मतारखेवर काम झालं. आठवड्याभरात पीडीएफ ईमेलवर आली.

पण ती दोनच पानांची होती. तुम्ही मागवाल तेव्हा 'सर्टिफिकेट आणि कव्हर शेड्यूल' असे दोन्ही शब्द लिहून मागवा. शेड्यूल म्हणजे महिन्यागणिक विम्याची रक्कम किती उरते त्याचा तक्ता. खरी गंमत त्यात असते, आणि तो पहिल्या ईमेलसोबत येत नाही. मला पुन्हा मेल टाकून मागावा लागला.

तो तक्ता एका रविवारी बँकेच्या स्टेटमेंटशेजारी ठेवून वाचला. पहिलीच ओळ: विम्याची सुरुवात नोव्हेंबर २०१९, शेवट नोव्हेंबर २०३४, मुदत १८० महिने. कर्ज मुळातच २० वर्षांचं होतं आणि विमा १५ वर्षांचा. यात बेकायदा काही नाही. विम्याची मुदत कर्जाइतकीच असली पाहिजे असं बंधन नसतं. प्रीमियम आटोक्यात दिसावा म्हणून ती सर्रास कमी ठेवतात. अर्जाच्या झेरॉक्सवरही '१५' असं टाइप केलेलं होतं.

दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. विमा 'रिड्युसिंग' प्रकारचा होता, म्हणजे रक्कम कर्जाबरोबर उतरत जाणारी. आपण समजतो की ती प्रत्यक्ष शिल्लक कर्जाच्या मागे मागे चालते. तसं नसतं. पहिल्या दिवशी एक व्याजदर आणि एक मुदत गृहीत धरून तक्ता छापला जातो, आणि मग तो तक्ता आपल्या गतीने चालत राहतो. माझ्या तक्त्यात ८ टक्के आणि १५ वर्षं धरली होती. म्हणून मार्च २०२४ मध्ये विम्याची रक्कम उरली होती २५ लाख ३२ हजार, तर कर्ज २९ लाख २६ हजार. जवळपास चार लाखांची फट. सगळं सुरळीत चाललं असतं, मोरेटोरियम नाही, दरवाढ नाही, तरी वीस वर्षांच्या कर्जाची शिल्लक तेव्हा २७ लाख ६० हजार असती. म्हणजे फटीतला अर्ध्याहून जास्त भाग पहिल्या दिवसापासूनच ठरलेला होता, उरलेला मोरेटोरियमने आणि दरवाढीने घातला.

तिसरं पान अटींचं. त्यात साध्या शब्दांत होतं की व्याजदर, हप्ता किंवा कर्जाची मुदत नंतर बदलली तरी विम्याच्या रकमेत किंवा मुदतीत बदल होणार नाही. थकलेले हप्ते आणि त्यांवरचं दंडव्याज या विम्यात येणार नाही. विमा संपतो तो ठरलेल्या तारखेला, किंवा त्याआधी सदस्याच्या मृत्यूने, सरेंडरने (विमा मध्येच परत करून पैसे घेतल्याने) किंवा कमाल वयाची अट ओलांडल्यावर. कर्ज फिटलं म्हणून संपतो असं कुठेच नव्हतं. उलट वेगळं कलम होतं: कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर सदस्याला विमा शेड्यूलप्रमाणे चालू ठेवता येईल किंवा सरेंडर करता येईल. बँक आणि विमा कंपनी यांचा आपसातला करार संपला तरी आधीच्या सदस्यांचं कव्हर मुदतीपर्यंत राहील, असंही होतं. या कलमांखाली मी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या, त्या पुढे कामाला आल्या.

नोव्हेंबर २०३४ ला विमा संपेल तेव्हा कर्ज किती असेल, ते एक्सेलमध्ये काढलं. तेव्हाचा ९.३५ चा दर धरून आकडा आला साडेबावीस लाखांच्या वर. तो बघून नवरा म्हणाला, "म्हणजे तू पन्नाशीला आलीस की विमा गायब, आणि कर्ज मात्र ठणठणीत." तो गमतीत बोलत होता. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

आणखी एक मुद्दा याच सुमारास लक्षात आला. विमा फक्त माझ्या आयुष्यावर होता. कर्ज दोघांचं, हप्त्यातला निम्मा वाटा नवऱ्याच्या पगारातून, पण त्याचं काही बरंवाईट झालं तर विम्यातून एक रुपया येणार नव्हता. सहकर्जदार म्हणजे सहविमाधारक नव्हे. काही योजनांत दोघांचं संयुक्त कव्हर असतं. तिथे बहुधा पहिल्या मृत्यूनंतर विम्याची रक्कम देऊन कव्हर संपतं, तेव्हा तेही तपासून घ्या.

'ईएमआय प्रोटेक्शन'चं सर्टिफिकेट त्या मानाने पटकन मिळालं. मुदत पाच वर्षं, नोव्हेंबर २०२४ ला संपणार. इथे पाच हा आकडा विक्रेत्याच्या मर्जीचा नव्हता. आरोग्यविम्याच्या २०१६ च्या नियमांत कर्जाशी जोडलेल्या गटविम्याची मुदत कर्जाच्या मुदतीइतकी ठेवायची मुभा होती, पण पाच वर्षांच्या पुढे नाही. आयुर्विमा कंपनी पंधरा किंवा वीस वर्षांचं कव्हर देऊ शकते. जनरल इन्शुरन्स कंपनीच्या अपघात-आजाराच्या कव्हरला मात्र तेव्हा ही कमाल मर्यादा होती. दोन्ही विमे एकाच टेबलावर, एकाच दिवशी, एकाच पेनाने सही करून घेतले जातात, म्हणून त्यांची मुदतही एकच असेल असं वाटतं. नोकरी गेल्यास किती हप्ते मिळणार ते वाचलं, तर तीन. राजीनामा दिला तर शून्य.

एप्रिलमध्ये पहिला प्रयत्न केला तो असलेला विमा वाढवून घेण्याचा. विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं की एकरकमी प्रीमियमच्या कव्हरची मुदत वाढवता येत नाही. हवं तर नवीन सदस्यत्व घ्या, नव्या वयाने, नव्या आरोग्यतपासणीने. बँकेतल्या मॅडमनी लगेच मार्ग सुचवला: टॉप-अप कर्ज (चालू कर्जावर वाढीव कर्ज) घ्या, त्यात नव्या विम्याचा प्रीमियम बसवू. म्हणजे पुन्हा प्रीमियमवर वीस-बावीस वर्षं व्याज. मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि उठले.

मग ठरवलं की बँकेशी संबंध नसलेला साधा टर्म इन्शुरन्स (ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) दोघांचाही काढायचा, प्रत्येकी ५० लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. त्यात रक्कम उतरत नाही, कर्जाची मुदत ताणली तरी विमा जागचा हलत नाही, आणि कर्ज कुठल्याही बँकेत नेलं तरी फरक पडत नाही. प्रीमियम दरवर्षी, आपल्या खात्यातून. नवऱ्याची पॉलिसी त्याच महिन्यात निघाली, वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, तेव्हाच्या १८ टक्के जीएसटीसकट. ती आम्ही मॅरिड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्टखाली घेतली, म्हणजे ते पैसे थेट माझ्या आणि मुलीच्या हक्काचे, देणेकऱ्यांना त्यावर हात घालता येत नाही. हा पर्याय प्रस्तावाच्या वेळीच निवडावा लागतो.

माझी पॉलिसी अडकली. घरी येऊन रक्त नेलं, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांनी प्रश्न विचारले, आणि मग मेल आला की तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सीमारेषेवर आहे, आणखी तपासण्या करा. मला कसलाच त्रास नव्हता, म्हणून तो मेल वाचून पोटात गोळा आला. विम्याचं राहू दे, हे मला आत्ता कळतंय, ही भावना मोठी होती. तपासण्या झाल्या, पुन्हा वाट पाहणं झालं. जूनमध्ये पॉलिसी मिळाली, पण प्रीमियम वाढवून, वर्षाला साडेतेरा हजार. अर्जात आधीचा कर्जविमा, त्याची रक्कम आणि कंपनी हे सगळं लिहिलं होतं. 'इतर विमा आहे का' या रकान्यात गटविमाही येतो, तो गाळू नका.

विम्याची एक बाजू उभी राहिल्यावर कर्जाकडे वळलो. आमच्या बँकेने परिपत्रकाप्रमाणे हप्ता वाढवायचा पर्याय दिला, पण दर कमी करायला नकार दिला. दुसऱ्या एका बँकेत ८.५० टक्के मिळत होते. ऑगस्टमध्ये अर्ज केला. कागदपत्रं, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल यांत सप्टेंबर गेला, आणि मंजुरी ऑक्टोबरमध्ये आली. उशीर झाला म्हणून मी वैतागले होते, पण तो पथ्यावर पडला. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या रिटेल, म्हणजे व्यक्तींच्या, कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं सगळ्या बँकांना सक्तीचं झालं होतं. त्या एका कागदावर व्याज, शुल्कं आणि बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा प्रीमियम सगळं मांडून वार्षिक खर्चाचा एकच टक्का द्यावा लागतो.

आमच्या त्या कागदावर विम्याच्या ओळीत एक लाखाच्या पुढचा आकडा होता. आम्ही विमा मागितलेलाच नव्हता. अधिकारी म्हणाले, "सर, मॅडम, आमच्याकडे फाइल विम्याशिवाय पुढे जात नाही." मी विचारलं की हे मला मेलवर लिहून द्याल का. त्यावर ते म्हणाले, "बघतो." दोन दिवसांनी नवं स्टेटमेंट आलं, त्यात ती ओळ शून्य होती. भांडावं लागलं नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा: घराचा, म्हणजे इमारतीचा आगीपासूनचा विमा बँक मागू शकते, कारण ते तिचं तारण आहे. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा त्यांच्याचकडून घ्या, अशी सक्ती करता येत नाही. आणि घेतलाच तर सर्टिफिकेट हातात आल्यापासून ३० दिवस 'फ्री लुक'चे असतात. तेवढ्यात शेड्यूल मागवून शेवटची तारीख बघा, पटलं नाही तर परत करा.

नोव्हेंबरमध्ये कर्ज हस्तांतरित झालं. शिल्लक होती २९ लाख १ हजार. फ्लोटिंग गृहकर्ज असल्यामुळे जुन्या बँकेला दंड लावता आला नाही. प्रोसेसिंग फी, स्टॅम्प ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद), वकील मिळून खर्च तीस हजारांच्या आत बसला. आम्ही मुदत १५ वर्षं घेतली, नवा हप्ता २८,५६७. जुन्या हप्त्यापेक्षा २,७७१ रुपये जास्त, आणि कर्ज २०४७ ऐवजी पुन्हा २०३९ ला संपणार. मी हा हिशेब तीनतीनदा तपासला, खरंच वाटेना. याच महिन्यात 'ईएमआय प्रोटेक्शन'ची पाच वर्षं संपली. नूतनीकरणाचा फोन आला, नको म्हणून सांगितलं. आमच्या दोघांच्या नोकरीत अपघात विमा आहे आणि आजारासाठी वेगळी पॉलिसी आहे.

आता उरला जुना आयुर्विमा. जुन्या बँकेच्या शाखेत 'नो ड्यूज' (काही देणं उरलं नसल्याचं पत्र) घ्यायला गेले तेव्हा तिथल्या सरांनी आपणहून सांगितलं, "कर्ज बंद झालं म्हणजे विमा आपोआप बंद." मी पेन्सिलीच्या रेघांचं पान दाखवलं. त्यांनी ते वाचलं, आणि म्हणाले की हे मलाही माहीत नव्हतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शाखेत विमा विकण्याचं लक्ष्य असतं, पाच वर्षांनी त्याचं काय होतं हे बघायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते.

सरेंडर करायचं ठरवून मी जानेवारी २०२५ मध्ये विमा कंपनीकडे किती पैसे मिळतील ते विचारलं. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: १८० पैकी ११८ महिने उरलेत, म्हणजे ८४ हजारांतले पंचावन्न हजार परत. कंपनीचा आकडा आला २५,४०० च्या आसपास. सूत्र मागवलं तेव्हा उलगडलं. आधी जीएसटी बाजूला काढायचा, तो परत मिळत नाही, म्हणजे ८४ हजारांचे झाले ७१,१८६. त्याचे ७० टक्के. त्याला उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणाने गुणायचं. आणि पुन्हा विम्याची आजची रक्कम भागिले सुरुवातीची रक्कम, या प्रमाणाने गुणायचं. रक्कम उतरत जाणाऱ्या विम्यात ही शेवटची कात्री सगळ्यांच्या ध्यानात येत नाही. टक्केवारी कंपनीगणिक वेगळी असते, तुमचं सूत्र सर्टिफिकेटात किंवा योजनेच्या माहितीपत्रकात मिळेल.

फॉर्म भरून झाला होता, रद्द केलेला चेक जोडला होता. पण दिला नाही. दिवसभर त्यावर विचार केला. २५ हजार घेतले तर माझ्या हातून काय जातं? आज २४ लाखांचं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं उतरत जाणारं कव्हर. त्याचा प्रीमियम आधीच भरून झालाय. तो काढला तेव्हा माझी साखर ठीक होती, आज तसा विमा त्या दराने मिळणार नाही. शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर आयुर्विमा कोणत्याही कारणाने वादग्रस्त ठरवता येत नाही. जुन्या विम्याची ती तीन वर्षं २०२२ मध्येच पूर्ण झालीत, नव्या टर्म पॉलिसीची तीन वर्षं आत्ता सुरू झालीत. आणि कर्जच नसल्यामुळे जुन्या बँकेचा त्या रकमेवर हक्क उरत नाही. कर्ज चालू असताना दावा आला, तर बँकेला शिल्लक कर्जाचं विवरण द्यावं लागतं, तेवढी रक्कम बँकेला आणि उरलेली नॉमिनीला जाते. शिल्लक शून्य असेल तर सगळी नॉमिनीला. मी विमा ठेवला.

प्रत्येकाने तसंच करावं असं नाही. मुदत दोन-तीनच वर्षं उरली असेल, किंवा पैशांची निकड असेल, तर सरेंडर ठीक. पण आधी टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुन्या विम्याला हात लावा. माझी पॉलिसी साखरेवर अडकली होती त्या आठवड्यांत मी जुना विमा मोडून बसले असते तर काय, हा विचार अजूनही येतो.

ठेवायचा ठरवल्यावरही कागद लागतातच. फेब्रुवारीत विमा कंपनीला अर्ज दिला: जुन्या बँकेचं नो ड्यूज पत्र, फोरक्लोजर स्टेटमेंट (कर्ज मुदतीआधी फेडल्याचा हिशेब), केवायसी, आणि दोन मागण्या. कर्ज बंद झाल्याची नोंद घ्या, आणि नॉमिनीचं नाव अद्ययावत करा. २०१९ च्या अर्जात नॉमिनी म्हणून माझे वडील होते. ते आता नाहीत. ही नोंद कोणी बदललीच नव्हती, आणि बँकेच्या लेखी तिची गरजही नव्हती, कारण पैसे आधी तिलाच मिळणार होते. कंपनीने आधी "अर्ज मास्टर पॉलिसीहोल्डरमार्फत पाठवा" असं सांगितलं, आणि बँक म्हणाली, "आता तुम्ही आमच्या ग्राहक नाही." हा चेंडू काही आठवडे इकडून तिकडे गेला. शेवटी मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ते कलम उद्धृत करून मेल केला आणि प्रत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंदवली. पोर्टल मोफत आहे, फोनवरही तक्रार घेतात, क्रमांक १५५२५५. त्यानंतर काम हललं. हललं नसतं तर एक महिना थांबून विमा लोकपालाकडे जायचं होतं. त्यालाही शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

एंडोर्समेंटचं (नोंदी बदलल्याचं) पत्र मार्चअखेर आलं. कव्हर नोव्हेंबर २०३४ पर्यंत चालू, कर्जदात्याचा हक्क शून्य, नॉमिनी नवरा. त्याच्या जन्मसालात मात्र एक आकडा चुकला होता. दुरुस्तीचा अर्ज लगेच पाठवला, आणि सुधारित पत्र येईपर्यंत मे उजाडला. ते पत्र, शेड्यूल आणि नो ड्यूज या तिन्हींच्या प्रती नवऱ्याच्या मेलवर टाकल्यात, विषयाच्या ओळीत कंपनीचं नाव आणि सदस्य क्रमांक लिहून. दावा त्याला करायचा असेल, मला नाही.

दरम्यान रेपो फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये उतरला, ६.५० वरून ५.५० वर. हप्ता आम्ही तसाच ठेवलाय, त्यामुळे उरलेले हप्ते या वेळी कमी होताहेत. तिमाही स्टेटमेंट आलं की मी आता आधी तोच रकाना बघते, आणि शेजारी शेड्यूलमधला त्या महिन्याचा आकडा लिहून ठेवते.